खोक्यावर ६० मिनिटं, घरी ९ मिनिटं: कॉर्डलेस व्हॅक्यूम क्लीनरचे आकडे कसे वाचायचे?

मशीन घरी आलं, रात्रभर चार्ज केलं आणि सकाळी थेट 'मॅक्स' मोडवर टाकून हॉलपासून सुरुवात केली. हॉल झाला, बेडरूमचा पलंगाखालचा भाग झाला आणि मशीन बंद. मोबाईलवर टायमर लावलेला होता, त्यात ९ मिनिटं आणि वर काही सेकंद. खोक्यावर मात्र '६० मिनिटं रनटाइम' असं ठळक छापलेलं! पंधरा हजारांच्या पुढे पैसे मोजलेले, त्यामुळे पहिला विचार अर्थातच 'पीस खराब आलाय' हाच होता.

मग बॅटरीवरचं बारीक अक्षरातलं स्टिकर वाचलं, कॅल्क्युलेटर उघडला आणि लक्षात आलं की मशीनचं काहीच चुकलं नव्हतं. खोकं मी चुकीचं वाचलं होतं. तुम्ही सेलमध्ये एखादा कॉर्डलेस व्हॅक्यूम कार्टमध्ये टाकून बसला असाल, तर ऑर्डर करण्याआधी हे गणित एकदा बघा.

मोबाईलचं एमएएच इथे चालत नाही

आपल्याला सवय मोबाईलची. ५००० एमएएच म्हणजे चांगली बॅटरी, ६००० म्हणजे अजून चांगली. त्याच नजरेने व्हॅक्यूम बघितला की त्यावर २५०० एमएएच दिसतं आणि वाटतं, एवढ्याशा बॅटरीवर मोटर कशी चालणार?

गंमत अशी की एमएएच हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्याला व्होल्टेजने गुणलं की खरी साठवलेली ऊर्जा कळते, ती वॅट-अवरमध्ये. मोबाईलची बॅटरी साधारण ३.८५ व्होल्टची असते. ५ अँपिअर-अवर गुणिले ३.८५ म्हणजे जेमतेम १९ वॅट-अवर. व्हॅक्यूममध्ये मात्र बहुतेक वेळा १८६५० नावाचे गोल सेल असतात (१८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, म्हणून हे नाव). एकेक सेल ३.६ व्होल्टचा. टॉर्चमध्ये घालतो तसे सात सेल एकामागे एक जोडले की २५.२ व्होल्ट होतात. त्याला २.५ ने गुणा. ६३ वॅट-अवर! म्हणजे एमएएच मोबाईलच्या निम्मे, पण ऊर्जा तिप्पट.

आता ही ६३ वॅट-अवर वापरायची कशी? मॅक्स मोडला मोटर ४०० वॅट ओढत असेल तर ६३ भागिले ४०० म्हणजे साडेनऊ मिनिटांत खेळ खल्लास. माझा टायमर हेच सांगत होता. आणि ६० मिनिटं चालायचं असेल तर मशीनने सरासरी ६३ वॅटच ओढायला हवेत. घरातला जुना सिलिंग फॅनसुद्धा ७५ वॅटच्या आसपास घेतो. म्हणजे तो '६० मिनिटं'वाला आकडा सगळ्यात हळू मोडचा असतो, आणि तोही बऱ्याचदा मोटरवाला ब्रश न लावता मोजलेला. खाली फुलीचं चिन्ह टाकून हे छापलेलं असतं. आपण वाचत नाही, एवढंच.

रोजच्या कामाला मधला मोड पुरतो. तो १५० वॅट घेत असेल तर २५ मिनिटं मिळतात, आणि दोन बेडरूमच्या फ्लॅटची फरशी तेवढ्यात आरामात होते. तेव्हा रिव्ह्यू बघताना 'मॅक्सला किती चालतो' यापेक्षा 'मधल्या मोडला, ब्रश लावून किती चालतो' हे शोधा.

सक्शनचा आकडा म्हणजे उसाचा रस

दुसरा भपकेबाज आकडा किलोपास्कलचा. २५ किलोपास्कल, ३० किलोपास्कल. हवेचा नेहमीचा दाब १०१ किलोपास्कल असतो, म्हणजे २५ हा आकडा त्याच्या पाव हिश्श्याएवढा. ऐकायला जबरदस्त वाटतं. पण हा आकडा साधारणपणे तोंड पूर्ण बंद करून मोजतात, जेव्हा आत हवा जातच नसते.

उसाचा रस स्ट्रॉने पिताना खालचं टोक बोटाने बंद करून बघा. गाल आत जातील, ओढ पूर्ण लागेल, पण रसाचा एक थेंब वर येणार नाही. धूळ उचलायला ओढही लागते आणि वाहणारी हवाही लागते. दोन्हींचा गुणाकार म्हणजे एअर वॅट. १० किलोपास्कल ओढ असताना सेकंदाला १० लिटर हवा आत जात असेल, तर ते १०० एअर वॅट. खोक्यावर एअर वॅट दिले असतील तर त्यावर तुलना करा. नुसते किलोपास्कल असतील तर थोडं मीठ टाकूनच वाचा.

आणि नुसत्या मोटरच्या वॅटवरही जाऊ नका. युरोपियन युनियनने २०१७ पासून घरगुती वायरवाल्या व्हॅक्यूमना ९०० वॅटची मर्यादा घातली, कारण कंपन्या वॅट वाढवत होत्या, आणि वॅट वाढले म्हणून सफाई त्याच प्रमाणात वाढते असं नाही.

शिवाय आपल्याकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा नसतो, फरशी असते. फरशीवरची धूळ उचलायला राक्षसी ओढ लागत नाही. लागतो तो बरोबर ब्रश. कडक केसांचा, गालिच्यासाठीचा रोलर फरशीवर फिरवला की तांदळाचे दाणे आणि खडे उचलण्याऐवजी पुढे उडवतो. मऊ, मखमली कापडाचा रोलर हवा. तो सोबत येतो की वेगळा विकत घ्यावा लागतो, हे मात्र तपासा.

खरी गोष्ट फिल्टरची

मी मशीन घेतलं ते हौस म्हणून नाही. आईला धुळीची ॲलर्जी आहे. सकाळी झाडू फिरला की पुढचा तासभर शिंका. झाडू कचरा गोळा करतो, पण बारीक धूळ हवेत उडवतो. ती सगळं आवरून झाल्यावर सावकाश खाली बसते, काही नाकात जाते. कोपऱ्यातला कचरा काढायला झाडू आजही भारी आहे. या बारीक धुळीपुढे मात्र त्याचा इलाज चालत नाही.

व्हॅक्यूममध्ये हवा आधी गोल गरगरते. जड कण बाहेरच्या भिंतीवर आपटून डब्यात पडतात. सॉ मिलमध्ये लाकडाचा भुसा वेगळा करायला हीच युक्ती वापरतात. जेम्स डायसन यांनी ती घरगुती मशीनमध्ये बसवण्यासाठी ५,१२७ नमुने बनवले, आणि १९९३ मध्ये त्यांचं डीसी०१ हे मॉडेल बाजारात आलं. पण सगळ्यात बारीक कण या चकरीतूनही निसटतात. त्यांना अडवतो तो शेवटचा फिल्टर, आणि ॲलर्जीवाल्या घरात खरे पैसे याच तुकड्यासाठी मोजायचे असतात.

एच१३ दर्जाचा हेपा फिल्टर पकडायला सगळ्यात अवघड आकाराचे कणही ९९.९५ टक्के अडवतो. खोक्यावर 'हेपा टाइप' किंवा 'हेपासारखा' लिहिलं असेल तर तो दर्जा नव्हे, नुसता शब्द आहे. आणि फिल्टर कितीही चांगला असला तरी त्याच्या कडेने हवा निसटत असेल तर उपयोग शून्य. घरी तपासायचं असेल तर रात्री दिवे बंद करा, मशीन चालू करा आणि हवा बाहेर पडते तिथे मोबाईलचा टॉर्च तिरका धरा. प्रकाशाच्या झोतात धुळीची रांग नाचताना दिसली तर समजा, मशीन एका बाजूने ओढून दुसऱ्या बाजूने परत देतंय.

टॉर्चचा अजून एक उपयोग. मोबाईल फरशीवर आडवा ठेवून टॉर्च लावा. स्वच्छ वाटणाऱ्या फरशीवर एकेक कण सावलीसकट दिसेल. २०२१ मध्ये आलेल्या डायसन व्ही१५ डिटेक्टमध्ये हिरवा लेझर याच कामासाठी आहे. आपल्याकडे तो फुकट आहे.

आमच्याकडे पहिला आठवडा छान गेला आणि मग आईच्या शिंका परत सुरू झाल्या. मला काही कळेना. शेवटी सापडलं: डबा आईच रिकामा करत होती, स्वयंपाकघरात, केराच्या डब्यावर धरून. खालचं झाकण फटकन उघडलं की आठवड्याची बारीक धूळ एकदम तोंडावर! आता डबा मी रिकामा करतो, गॅलरीत, पिशवीच्या आत खोलवर धरून. गाद्यांवरही आठवड्यातून एकदा छोटा ब्रश फिरवतो. गाद्या उन्हात घालायची आजीची पद्धत चालूच आहे, आणि डॉक्टरांनी दिलेली औषधंही. मशीन त्यांच्या जागी येत नाही.

माझी दुसरी चूक दिवाळीतली. दारातली विस्कटलेली रांगोळी झटपट उचलावी म्हणून मशीन फिरवलं. दोन मिनिटांत मोटरचा आवाज चढला, धाप लागल्यासारखं मशीन थांबत-सुरू होत राहिलं आणि बंद पडलं. दुरुस्तीवाल्याने फोनवरच 'मोटर गेली असणार' म्हणत चार हजार सांगितले. फिल्टर काढून बघितला तर तो रांगोळीने लिंपून टाकल्यासारखा झाला होता. धुतला, वाळवला, मशीन पहिल्यासारखं सुरू! रांगोळी म्हणजे दगडाची पूड. ती, सांडलेलं पीठ, भिंतीला ड्रिल मारल्यावर पडणारी भुकटी यांना झाडूच बरा. उदबत्तीची गरम राख आणि पाणी तर अजिबात नाही, हां.

फिल्टर धुता येतो की नाही हे आधी माहितीपुस्तिकेत बघा, सगळे धुता येत नाहीत. धुतला तर पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका. पावसाळ्यात त्याला दोन-दोन दिवस लागतात. ओला लावला तर घरभर कुबट वास सुटतो आणि ओलावा मोटरपर्यंत जातो. मी एक जादा फिल्टर घेऊन ठेवलाय.

बॅटरी, आणि मावशींचा प्रश्न

मॅक्सवर चालवल्यानंतर बॅटरी चांगलीच तापते. तशीच चार्जिंगला लावू नका, अर्धा तास थंड होऊ द्या. लिथियम-आयन सेलना उष्णता सोसत नाही, हे मोबाईलवर गेम खेळताना आपण बघतोच. दोन-तीन वर्षांनी बॅटरी बसणार हे धरूनच चला, आणि म्हणून ती निघणारी आहे का, सुटी मिळते का, कितीला मिळते हे विकत घेण्याआधी विचारा. बॅटरी आतच बंद असेल तर स्वस्त मशीनही महागात पडतं. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी मशीनकडे बघून विचारलं, "म्हणजे आता मी यायचं नाही का, दादा?" मला एकदम कानकोंडं झालं. पण खरं उत्तर सोपं होतं: ओली फरशी, ओटा, बाथरूम यातलं एकही काम या मशीनला जमत नाही. आता पलंगाखाली आणि सोफ्यावर मशीन मावशीच फिरवतात, मधल्या मोडवर. गॅलरीत मात्र झाडूच. फक्त त्यांची एक तक्रार आहे आणि ती बरोबर आहे: बटण सतत दाबून धरावं लागतं, बोट दुखतं. एकदा दाबलं की चालू राहणारं बटण असलेलं मॉडेल मिळतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. म्हणून शक्य असेल तर दुकानात जा, मशीन उचला, माळ्याकडे वर करून मिनिटभर धरून बघा. मोटर आणि बॅटरी मुठीजवळ असतात, त्यामुळे दोन-अडीच किलो वजन मनगटावर येतं. घरात जो ते रोज फिरवणार आहे, त्याच्याच हातात ते द्या.