बुद्धगयेच्या वाटेवर : बर्थ कोणता घ्यावा?

पावसाळा सरला की आपल्या वस्त्यांमधल्या विहारांत बुद्धगयेच्या सहलीची बोलणी सुरू होतात. महिला मंडळाने वर्षभर थोडे थोडे पैसे साठवलेले असतात, कुणाची भिस्त दिवाळीच्या बोनसवर असते. आयुष्यभर मोलमजुरी केलेल्या आईवडिलांना एकदा तरी बोधिवृक्षाखाली वंदना करता यावी, ही लेकरांची इच्छा असते. राहायचे कुठे, जेवायचे काय, याची चौकशी सगळे करतात. पण गाडीत एक आख्खा दिवस आणि वर रात्र काढायची आहे, त्यात म्हातारी माणसे झोपणार कुठे, हा प्रश्न बहुधा गाडीत चढल्यावरच आठवतो. गुडघे धरलेल्या आजीच्या वाट्याला वरचा बर्थ आला, तर यात्रेचे पुण्य राहो, अंगदुखी मात्र नक्की पदरात पडते.

मुंबईहून हावड्याला जाणारी एक मेल गयेवरून जाते. कोल्हापूरहून धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्स्प्रेसही गयेवरूनच जाते. गया स्थानकापासून बुद्धगया सुमारे १५ किलोमीटर. गाडी कुठलीही घ्या, बर्थचे गणित एकच आहे.

आकड्यावरून बर्थ ओळखा

स्लीपरच्या डब्यात आठ-आठ बर्थचा एक कप्पा असतो. तिकिटावरच्या आकड्याला आठने भागावे. बाकी १ किंवा ४ उरली तर खालचा बर्थ, २ किंवा ५ उरली तर मधला, ३ किंवा ६ उरली तर वरचा. बाकी ७ म्हणजे बाजूचा खालचा आणि पूर्ण भाग गेला तर बाजूचा वरचा. म्हणजे ४४ नंबर खालचा, तर ३७ नंबर मधला. घरातल्या शाळकरी मुलांना हे गणित घालावे, ती तोंडपाठ करतील.

कुणाला कोणता?

खालचा बर्थ म्हातारी माणसे, गरोदर भगिनी आणि तान्ह्या बाळाच्या आईसाठी. मधला बर्थ दिवसा पाडून ठेवता येत नाही. रात्री १० ते सकाळी ६ हीच झोपायची वेळ. इतर वेळी खालच्या बर्थवर सगळ्यांनी मिळून बसायचे असते, हेही ध्यानात ठेवावे. वरचा बर्थ तरण्या मुलांना द्यावा. त्यावर दिवसाही आडवे होता येते. बाजूचे बर्थ लांबीला थोडे कमी असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचा धक्का लागतो. उंच माणसाने ते टाळावेत. आरएसी तिकीट असेल, तर बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांना बसून जावे लागते. म्हाताऱ्यांना घेऊन तसे निघू नये.

डब्याच्या दोन्ही टोकांना संडास आणि दारे असतात. तिथे वास येतो, रात्रभर दार आपटते, आणि चाकांवर असल्याने हादरेही जास्त बसतात. मधल्या कप्प्यात झोप चांगली लागते. पण मधुमेहामुळे रात्री तीनदा उठावे लागणाऱ्या वडिलांना मधला कप्पा लांब पडतो. त्यांच्यासाठी टोकापासूनचा दुसरा कप्पा, म्हणजे ९ ते १६ नंबर, बरा.

फॉर्म भरताना

आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते. १ नोव्हेंबर २०२४ पासून हा नियम आहे. एका फॉर्मवर सहाच नावे बसतात. वय खरे आणि नीट लिहावे. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा कोटा आहे. मात्र तो एकट्याला किंवा दोघांच्याच तिकिटावर मिळतो, आणि दोघेही त्या वयात बसले पाहिजेत. म्हणून आजी-आजोबांचा फॉर्म वेगळा भरावा आणि त्याच गाडीचे बाकीच्यांचे तिकीट त्याच वेळी काढावे. डबा वेगळा येऊ शकतो, तेव्हा घरातले एक माणूस रात्री त्यांच्याकडे पाठवता येईल अशी तयारी ठेवावी. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, पण त्याचा या कोट्याशी संबंध नाही. एकट्याने किंवा गटाने जाणाऱ्या भगिनींसाठी लांब पल्ल्याच्या गाड्यांत स्लीपरला सहा बर्थ राखीव असतात. महिला मंडळांनी त्याचा जरूर लाभ घ्यावा.

पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्ध्या भाड्यात नेता येते, पण मग त्याला बर्थ मिळत नाही. पैसे वाचतात हे खरे. तरी एवढ्या लांबच्या प्रवासात आईची झोप जाते. जमेल त्याने पूर्ण भाडे भरावे.

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुके पडते, गाड्या तासन् तास उशिरा धावतात. स्लीपरमध्ये पांघरूण मिळत नाही. घोंगडी, कानटोपी आणि जादा भाकऱ्या सोबत असाव्यात.

इतके करूनही वरचा बर्थ आला, तर हताश होऊ नये. गाडीत तिकीट तपासनिसाला नम्रपणे पण ठामपणे विचारावे. खालचा बर्थ रिकामा असेल तर वृद्ध, अपंग आणि गरोदर स्त्रियांना तो देण्याचा त्यांना अधिकार आहे. काही अडचण आली, तर १३९ या क्रमांकावर फोन करावा.

ही मेहेरबानी नव्हे

१९०१ साली बालवयातले बाबासाहेब भावंडांसह मसूर स्थानकावर उतरले. जात कळताच एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, मुलांनीच बैल हाकायचे, या अटीवर गाडी मिळाली. आज आपल्या आईच्या हातातल्या तिकिटावर तिच्या नावापुढे नंबर छापलेला असतो. त्या नंबरवर तिचा हक्क आहे. कुणी दरडावून उठवू लागले, तर तिने उठू नये, आणि आपणही कुणा दुसऱ्याची जागा बळकावू नये. शील गाडीतही पाळायचे असते.

आमची एवढीच विनंती आहे, की यंदाच्या सहलीचा हिशेब मांडताना पहिल्या ओळीत वडीलधाऱ्यांचा खालचा बर्थ लिहा. ज्यांनी आपल्याला कडेवर घेऊन चैत्यभूमी दाखवली, त्यांना निवांत झोपवून बुद्धगयेला नेणे हे आपले काम आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!