फोर

फोर : गोल्फ खेळात भरकटलेल्या चेंडूपासून इतरांना सावध करण्यासाठी मोठ्याने दिली जाणारी हाक. या इंग्रजी शब्दात ‘पुढे’ हा अर्थ अभिप्रेत असला, तरी हाकेच्या उगमाविषयी एकमत नाही. गोल्फचा चेंडू टणक असून त्याचे वजन कमाल ४५·९३ ग्रॅ. असते. निष्णात खेळाडूने टोलविलेला चेंडू ताशी २५० किमी.पेक्षा अधिक वेगाने सुटतो. तो डोक्यास वा डोळ्यास लागल्यास गंभीर इजा होते. म्हणून पुढील खेळाडू टप्प्याबाहेर जाईपर्यंत थांबावे, असा शिष्टाचार आहे. चेंडू माणसांच्या दिशेने जाऊ लागताच तत्काळ हाक द्यावी. ती ऐकणाऱ्याने वर न पाहता खाली वाकून हातांनी डोके झाकावे किंवा झाडाचा आडोसा घ्यावा. २०१९ पासून लागू झालेल्या नियमांतही इतरांच्या सुरक्षिततेची काळजी घेणे, हे खेळाडूच्या अपेक्षित वर्तनात अंतर्भूत आहे. कायद्याचे संरक्षण मात्र मर्यादित असू शकते. चेंडू लागून एका डोळ्याची दृष्टी गमावलेल्या खेळाडूने, इशारा मिळाला नाही, या कारणावरून केलेला दावा न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २०१० मध्ये अमान्य केला. भरकटणारा चेंडू हा या खेळातील अंगभूत धोका होय, असे त्याने मानले. त्यामुळे मैदानावरील सुरक्षितता मुख्यतः खेळाडूंच्या संयमावर व वेळेवर दिलेल्या हाकेवर अवलंबून असते.