कॉन्फिग फाइलचं विकी पान

समजा आपल्या आरे-वारेची एक कॉन्फिग फाइल आहे:

[आरे-वारे]
; पावसाळ्यात पाण्यात उतरू नये
तालुका = रत्नागिरी

मीडियाविकीत नेताना चौकटी कंसाच्या जागी == आरे-वारे == असं शीर्षक येतं आणि तालुक्याची ओळ | तालुका || रत्नागिरी अशी तक्त्यात बसते. छोटी स्क्रिप्ट पुरते.

गोची होते ती कॉमेंटची. पायथॉनचा कॉन्फिगपार्सर ती वाचतानाच टाकून देतो. बरं, फाइल जशीच्या तशी चिकटवावी, तर विकी अर्धविरामाची ओळ ठळक करून ठेवतं आणि # दिसला की क्रमांक घालतं! इथे तर तीच ओळ सगळ्यात कामाची. जुलै २०२५ मध्ये याच समुद्रात चौघे बुडाले. म्हणून स्क्रिप्टने कॉमेंटच्या ओळी आधी वेगळ्या वाचाव्यात, पुढचं चिन्ह काढून शीर्षकाखाली साधा मजकूर म्हणून टाकाव्यात. तक्ता त्याच्या खाली.