युरोपाच्या फोटोत नेमकं काय दिसतं?

गुरूच्या युरोपा या चंद्राचा तो फोटो तुम्हीही पाहिला असेल. निळसर-पांढरा गोळा, त्यावर तांबूस-तपकिरी रेघांचं जाळं. कुठल्याही कार्यक्रमात तो पडद्यावर आला की प्रश्न ठरलेला: "खरंच असा दिसतो का हो?"

इतका गडद नाही. जवळ गेलो तर युरोपा फिकट, पिवळसर पांढरा दिसेल आणि रेघा मंद तपकिरी. पण म्हणून ‘नासाने रंग फासले’ असं म्हणणं साफ चूक. हा फोटो टिपणाऱ्या गॅलिलिओ यानाचा कॅमेरा कृष्णधवलच होता. आतल्या फिरत्या चकतीवर आठ फिल्टर. त्यातून एकच दृश्य पुन्हा पुन्हा टिपायचं, काही वेळा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशातही. मग ती चित्रं एकावर एक बसवून रंगांमधला फरक ठळक करायचा. फरक मुळातला, ठळकपणा आपला. कोनामारा नावाच्या भागात याचं मोल कळतं. तिथे बर्फाचे तराफे तुटले, सरकले, गिरकी घेऊन पुन्हा गोठले. त्यांच्यावरची निळसर-पांढरी झाक म्हणजे बर्फाचे बारीक कण. सुमारे १,००० किलोमीटर दक्षिणेला आघात होऊन प्विल विवर तयार झालं, तेव्हा ते उडून इथवर आले. साध्या रंगात हे नजरेतून निसटलंच असतं.

"आमच्या मोबाईलचा कॅमेरा याहून भारी" हेही ऐकू येतं. पिक्सेल मोजले तर खरं आहे: गॅलिलिओचा कॅमेरा ८०० बाय ८०० चा. खरी अडचण फोटो घरी पाठवण्याची होती. छत्रीसारखा उघडणारा मोठा अँटेना १९९१ मध्ये अडकला, तो अडकलाच. सेकंदाला १,३४,००० बिट यायचे होते, तिथे छोट्या अँटेनातून फार तर १६० येऊ लागले. एक फोटो म्हणजे ५१ लाख बिट. आहे तसा पाठवला तर जवळजवळ नऊ तास! अभियंत्यांनी कोट्यवधी किलोमीटरवरून यानाला नवं सॉफ्टवेअर पाठवलं, फोटो टेपवर साठवले, आकुंचित करून थेंबाथेंबाने उतरवून घेतले. एका पिक्सेलमध्ये सहा मीटर दाखवणारे फोटो म्हणूनच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्या माणसांच्या चिकाटीपुढे मी नतमस्तक आहे.

त्या रेघा पाण्याने भरलेले कालवे नव्हेत. विषुववृत्तावरही तापमान उणे १६० अंशांच्या आसपास असतं. जवळून पाहिलं तर अनेक रेघा म्हणजे शेजारी-शेजारी धावणारे दोन कणे आणि मधे घळ. फोटो उलटा धरून पाहा: कण्यांचे खड्डे होतात! प्रकाश वरूनच येतो, असं आपला मेंदू धरून चालतो. त्यामुळे आधी सूर्य कुठल्या बाजूला आहे ते बघावं.

आणि बर्फाखालचा महासागर? तो एकाही फोटोत नाही. त्याचा सर्वांत भक्कम पुरावा गॅलिलिओच्या चुंबकमापकाने दिला: गुरूचं चुंबकीय क्षेत्र बदलतं तसं युरोपाच्या पोटातून प्रतिसाद येतो, आणि खारं पाणी तसा प्रतिसाद देऊ शकतं. १४ ऑक्टोबर २०२४ ला निघालेलं युरोपा क्लिपर २०३० च्या एप्रिलमध्ये गुरूपाशी पोहोचेल. त्याच्यावर कॅमेऱ्यांसोबत बर्फाच्या आत डोकावणारं रडारही आहे.