वर्गाचे संकेतस्थळ : वाचक कोण?

शाळेच्या भिंतीवर सुविचाराचा फळा असावा, तसे आता अनेक वर्गांना स्वतःचे संकेतस्थळ असते. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि अध्यापन मोबाइलच्या पडद्यावर आले, तेव्हापासून या उद्योगाला विशेष गती मिळाली. तथापि त्यापूर्वीही काही उत्साही शिक्षक हे काम पदरमोड करून, शाळा सुटल्यानंतरच्या वेळात करीत आले होते. त्यांच्या धडपडीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु वर्षअखेरीस असा शिक्षक आपण उभारलेल्या स्थळाकडे शांतपणे पाहू लागला, म्हणजे त्याला एक प्रश्न टाळता येत नाही. हे सारे आपण कोणासाठी केले?

प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र अवघड जागी नेणारे आहे. बहुतेक स्थळांवर काय आढळते? वेळापत्रक, सुट्यांची यादी, शासनाची परिपत्रके, बक्षीस समारंभाची छायाचित्रे, पाहुण्यांच्या गळ्यातील हार आणि स्थळाला किती जणांनी भेट दिली याचा आकडा. यातील काही मजकूर पालकांच्या उपयोगाचा असतो, काही तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी असतो. ज्यांच्या नावाने हे स्थळ चालते, त्या मुलांचे स्वतःचे असे त्यात फार थोडे असते. मुले छायाचित्रांत दिसतात, पण बोलत नाहीत. वर्गाचे संकेतस्थळ म्हणजे वर्गाची जाहिरात की वर्गाचे लेखन, याचा निर्णय शिक्षकाने पहिल्याच दिवशी करावयास हवा. तो न झाल्यास जाहिरातीचा विजय ठरलेला असतो.

छापखान्याचा वर्ग

हा प्रश्न संगणकाबरोबर जन्माला आलेला नाही. संगणकाच्या कितीतरी आधी, १९२४ साली, दक्षिण फ्रान्समधील बार-स्युर-लू या खेड्यात सेलेस्टिन फ्रेने या तरुण प्राथमिक शिक्षकाने आपल्या वर्गात एक लहानसा हातछापखाना आणला. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला झालेल्या जखमेमुळे फ्रेने यांना फार वेळ बोलता येत नसे. साहजिकच व्याख्यान देऊन शिकविण्याची रूढ पद्धत त्यांना पेलवणारी नव्हती. ते मुलांना घेऊन गावात आणि शेतांत फिरत. परत आल्यावर मुले जे पाहिले ते सांगत, फळ्यावर लिहीत. परंतु फळा पुसला की ते लेखनही पुसले जाई. हे लेखन टिकावे, घरी न्यावे, दुसऱ्याला वाचावयास द्यावे, यासाठी छापखाना आला.

पद्धत सोपी होती. मुलांनी आपापला मजकूर वाचून दाखवावा, वर्गाने त्यांतून एक निवडावा, सर्वांनी मिळून त्यातील चुका दुरुस्त कराव्यात आणि मग मुलांनीच खिळे जुळवून तो छापावा. हे छापील कागद दूर ब्रिटनीच्या किनारी भागातील त्रेगंक या गावच्या शाळेशी अदलाबदलीने पाठविले जाऊ लागले. डोंगराकडच्या मुलांना समुद्राकडच्या मुलांचे जगणे कळू लागले आणि या निमित्ताने स्वतःच्या गावाकडेही ती नव्या नजरेने पाहू लागली. रोजचे दृश्य परक्याला समजावून सांगावयाचे, तर ते आधी स्वतः नीट पाहावे लागते. १९२७ मध्ये अशा मुलांच्या लेखनाचे ‘ला जेर्ब’ म्हणजे ‘पेंढी’ या नावाचे नियतकालिकही निघू लागले. आज संकेतस्थळाकडून जी अपेक्षा धरावयाची, ती सर्व या लाकडी-लोखंडी यंत्राने शंभर वर्षांपूर्वी पुरी केली होती, ती वीज नसताही.

महाराष्ट्रातील शाळांनाही या कल्पनेची ओळख नवी नाही. हस्तलिखित आणि भित्तिपत्रक यांची परंपरा येथे जुनी आहे. सुंदर अक्षर असलेल्या मुलीने मजकूर उतरवावा, चित्रकलेत गती असलेल्याने मुखपृष्ठ रंगवावे आणि संमेलनाच्या दिवशी ते टेबलावर ठेवावे, हा अनुभव दोन-तीन पिढ्यांनी घेतला आहे. हस्तलिखिताची एकच प्रत असे; ती कपाटात जाई आणि तिचे वाचक त्याच शाळेत मर्यादित राहत. संकेतस्थळाने ही उणीव दूर केली. परंतु हस्तलिखितात जे होते, म्हणजे मुलांचा मजकूर आणि मुलांचा हात, तेच हरवून बसले, तर वाचकांची संख्या वाढून काय साधणार?

वाचकामुळे काय घडते?

मुलाची वही एकच माणूस वाचतो आणि तोही गुण देण्यासाठी. त्यामुळे मूल शिक्षकाला काय आवडेल, याचा अंदाज बांधून लिहिते. ‘माझा आवडता ऋतू’ या निबंधात दरवर्षी तोच पाऊस पडतो आणि तोच मोर नाचतो. अपरिचित वाचक समोर आला, की लेखनाचा हेतूच बदलतो. आठवडी बाजारातील भाज्यांचे भाव लिहावयाचे, तर भाव विचारून यावे लागतात. गावातील आडाची खोली लिहावयाची, तर दोरीला गाठी मारून ती मोजावी लागते. आजीने सांगितलेली औतांची व अवजारांची नावे लिहावयाची, तर ‘रुमणे’ आणि ‘जू’ यांतील फरक आधी आपल्याला कळावा लागतो. मजकूर चुकला, तर कोणीतरी तो चुकल्याचे कळविणार आहे, ही जाणीव लाल शाईपेक्षा अधिक प्रभावी ठरते. शुद्धलेखनाचे प्रयोजनही तेथे मुलाला प्रथम पटते.

शिक्षकाची भूमिकाही येथे पालटते. परीक्षकाऐवजी तो संपादक होतो. संपादकाने मजकूर नीट करावा, पण स्वतःचा करू नये, हे पथ्य पाळणे कठीण असते. मुलांच्या नावावर शिक्षकाची गुळगुळीत भाषा छापलेली अनेक ठिकाणी दिसते. ती वाचून कोणाची फसवणूक होत नाही, मुलांचा मात्र स्वतःच्या शब्दांवरचा विश्वास उडतो.

या संदर्भात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांच्या कामाचा उल्लेख होतो, तो योग्यच आहे. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडून धड्याशी संबंधित ध्वनिफिती, चित्रफिती मुलांपर्यंत पोहोचविण्याचा त्यांचा प्रयोग पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आला. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी बक्षिसाची निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. तो मार्ग ज्ञान मुलांपर्यंत आणण्याचा होता. वर्गाच्या संकेतस्थळाने त्याला जोड द्यावयाची ती उलट दिशेची, म्हणजे मुलांकडील ज्ञान बाहेर नेण्याची. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये वेबसाठी जो पहिला प्रोग्राम लिहिला, त्यात पाने वाचण्याबरोबर ती लिहिण्याचीही सोय होती. पुढे बहुसंख्यांच्या वाट्याला केवळ वाचणे आणि पाहणे आले.

लिपी, वेळ आणि बदली

व्यवहारातील अडचणी लहान नाहीत. पहिली अडचण लिपीची होती. युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ पासून असला, तरी त्याचा सर्रास वापर होईपर्यंत बराच काळ गेला. तोवर प्रत्येक फॉन्टची सांकेतिक व्यवस्था निराळी. एका संगणकावर टंकलेला मजकूर दुसऱ्यावर अगम्य चिन्हांच्या रूपात उमटे. म्हणून शिक्षक मजकुराचे चित्र करून चढवीत. ते डोळ्यांना वाचता येई, पण शोधून सापडत नसे. आता मोबाइलवरही मराठी सुलभपणे लिहिता येते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद पडद्यावर नीट उमटतो की नाही, हे तपासावयास मुलांना सांगावे. समुद्र आणि डोंगरदऱ्या यांच्याइतकाच शुद्धलेखनाचाही तो धडा होईल.

दुसरी अडचण वेळेची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामांना शिक्षकांना जुंपण्यास मनाई केली आहे. प्रत्यक्षात माहिती भरण्याची, अहवाल पाठविण्याची कामे किती असतात, हे कोणत्याही शिक्षकाला विचारावे. अशा परिस्थितीत संकेतस्थळ हे आणखी एक रकान्यांचे काम बनले, तर ते करणाऱ्याला दोष देता येणार नाही. म्हणून ते लहान असणेच बरे. महिन्याला दोन चांगले लेख आले तरी पुरे.

तिसरी अडचण अधिक गंभीर आहे. स्थळ शिक्षकाच्या खासगी ईमेलवर नोंदलेले, त्याचा परवलीचा शब्द त्याच्याच लक्षात आणि वार्षिक शुल्क त्याच्याच खिशातून. बदली झाली की स्थळ अनाथ होते. मोफत जागा देणाऱ्या कंपन्यांचा भरवसाही धरता येत नाही. १९९४ मध्ये सुरू झालेले जिओसिटीज अमेरिकेत २००९ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाले आणि सामान्य माणसांनी रचलेली असंख्य पाने उठली. जगभरच्या शिक्षकांनी वर्गासाठी वापरलेले विकिस्पेसेस २०१८ मध्ये बंद पडले. कपाटातील हस्तलिखित वाळवीपासून वाचले, तर पन्नास वर्षांनीही उघडता येते. या स्थळांवरील कित्येक पाने दहा वर्षांतच नाहीशी झाली. तेव्हा स्थळाची मालकी शाळेच्या नावे असावी, दोन व्यक्तींकडे त्याच्या किल्ल्या असाव्यात आणि वर्षअखेरीस सर्व मजकुराची छापील प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी. हा खर्च फार नाही.

मुलांचे नाव, मुलांचा चेहरा

फ्रेने यांच्या चरित्रातील आणखी एक प्रसंग येथे लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढे ते सें-पॉल या गावी बदलून गेले असता एका मुलाने आपल्याला पडलेल्या स्वप्नाविषयी लिहिले. स्वप्नात नगराध्यक्षाचा खून होतो, असे त्यात होते. १९३२ च्या अखेरीस विरोधकांनी हाच मजकूर भिंतींवर चिकटवून शिक्षकाविरुद्ध रान उठविले. अखेर फ्रेने यांना ती शाळा सोडावी लागली आणि १९३५ मध्ये त्यांनी जवळच वाँस येथे स्वतःची शाळा काढली. मुलाचा शब्द एकदा बाहेर गेला, की तो कोठे आणि कोणाच्या हाती जाईल, यावर शिक्षकाचा ताबा राहत नाही. त्या काळी भिंतींवर कागद चिकटवावे लागत. आता बोट लावण्याचा अवकाश असतो.

म्हणून मुलांचे पूर्ण नाव, चेहरा, घरचा पत्ता किंवा घरातील खासगी गोष्टी पानावर येऊ न देणे हे शिक्षकाचे कर्तव्यच ठरते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तींची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरविली आहे. कायद्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या असल्या, तरी पालकसभेत विचारून घेण्यासाठी शिक्षकाला कायद्याची वाट पाहावी लागत नाही. पालकांइतकेच मुलालाही विचारावे. आज हौसेने दिलेली कविता पाच वर्षांनी त्याला नकोशी वाटली, तर ती काढून घेण्याचा त्याचा अधिकार मानला पाहिजे.

एवढ्या दगदगीतून निष्पन्न काय, असे कोणी विचारील. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातील चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे नव्वद टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे दिसले. तो वापरता येणाऱ्यांपैकी ७६ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात समाजमाध्यमे पाहिली होती. अभ्यासाशी संबंधित काही केलेल्यांचे प्रमाण ५७ टक्के होते. पडदा घरात आलाच आहे. त्यावर मूल केवळ प्रेक्षक राहणार की लेखकही होणार, एवढाच प्रश्न उरतो.

शिवाय २०२२ च्या अखेरीपासून निबंध लिहून देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली आहेत. ‘माझा आवडता ऋतू’ आता यंत्रही लिहिते आणि व्याकरण सांभाळून लिहिते. परंतु यंदा वेशीजवळच्या ओढ्याला पाणी कोणत्या तिथीला आले, शेजारच्या काकूंच्या जात्यावरची खुंटी कशाने झिजली, हे तेथे जाऊन पाहिल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. वर्गाच्या संकेतस्थळाला जागा द्यावयाची ती अशा मजकुराला. शिक्षकाने नव्या वर्षी पहिले पान उघडताना भेट देणाऱ्यांचा आकडा काढून टाकावा आणि दूरच्या एखाद्या शाळेतील शिक्षकाला पत्र लिहावे : आमची मुले लिहीत आहेत, तुमची मुले वाचतील काय? तेथून उत्तर आले, म्हणजे स्थळ कोणासाठी, हा प्रश्न पुन्हा विचारावा लागणार नाही.