लुइशमचे रुग्णालय

लंडन शहराच्या आग्नेय भागात लुइशम नावाचा एक विभाग आहे. राजवाडे, संग्रहालये आणि टेम्स नदीवरील पूल पाहण्यासाठी येणारे प्रवासी तिकडे क्वचितच फिरकतात. जगाच्या नाना भागांतून येऊन स्थायिक झालेली कष्टकरी कुटुंबे तेथे मोठ्या संख्येने राहतात. या वस्तीत एक मोठे सार्वजनिक रुग्णालय आहे. २०१३ साली त्या रुग्णालयावरून लोक आणि सरकार यांच्यात जो वाद झाला, तो समजण्यासाठी इंग्लंडमधील आरोग्यव्यवस्थेची थोडी ओळख असावयास हवी.

५ जुलै १९४८ रोजी त्या देशात राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. गरीब असो वा श्रीमंत, रुग्णालयाच्या दारात कोणालाही पैसे मोजावे लागू नयेत, खर्च करांच्या उत्पन्नातून व्हावा, हे तिचे तत्त्व होय. तत्पूर्वी पुष्कळशी रुग्णालये गावोगावच्या लोकनियुक्त परिषदा चालवीत असत. ती त्यांच्या हातून काढून एका सूत्रात ओवली गेली. त्यामुळे सर्वांना सारखे उपचार मिळू लागले, हा लाभ लहान नव्हे. परंतु निर्णय मात्र दूर गेले. एखाद्या खेड्यातील दवाखाना बंद करणे किंवा घरोघर जाऊन म्हाताऱ्या रोग्यांच्या जखमा बांधणाऱ्या परिचारिकांची संख्या कमी करणे, या गोष्टी कागदावर दोन ओळींत मावतात. ज्या वृद्धेला त्या दोन ओळींपायी दोन बसगाड्या बदलून मलमपट्टीसाठी जावे लागते, तिची अडचण कागदावर उमटत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी २००१ साली एक कायदा झाला. त्याने स्थानिक परिषदांना रुग्णालये परत दिली नाहीत. प्रश्न विचारण्याचा अधिकार दिला. परिषदेच्या कारभारी मंडळात नसलेल्या सभासदांची एक समिती असते. आरोग्यसेवेत मोठा फेरबदल करावयाचा झाल्यास अधिकाऱ्यांनी आधी या समितीचा सल्ला घ्यावा लागतो. समिती त्यांना पाचारण करते. रुग्णवाहिकेला किती मिनिटे अधिक लागतील? ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांनी काय करावे? आकडे कोठून आणले? अशा प्रश्नांची उत्तरे त्यांना उघड सभेत द्यावी लागतात. उत्तरांनी समाधान झाले नाही, तर ते प्रकरण थेट आरोग्यमंत्र्यांकडे धाडण्याची सोयही त्या कायद्याने केली होती. समितीला हुकूम सोडता येत नसे. पण उघड प्रश्नाचा धाक काही थोडाथोडका नसतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. प्रत्येक बदल वाईटच असतो, असे मुळीच नाही. २०१० साली लंडनमध्ये पक्षाघाताच्या रोग्यांवरील तातडीचे उपचार अनेक रुग्णालयांतून काढून आठ सुसज्ज केंद्रांत एकत्र आणले गेले. काही रोग्यांना जवळचे रुग्णालय ओलांडून पुढे जावे लागले. तरीही मृत्यूंचे प्रमाण घटले. म्हणून समितीचे काम नुसते 'नको' म्हणण्याचे नव्हे, तर खरे-खोटे पारखण्याचे आहे. ते अधिक अवघड आहे.

आता लुइशमकडे वळू. लुइशमचे रुग्णालय नीट चालले होते. संकट होते ते शेजारी. तेथील तीन रुग्णालयांच्या एका संस्थेला दर आठवड्याला दहा लाख पौंडांहून अधिक तूट येत होती. नव्या इमारतींसाठी खासगी भांडवलदारांशी केलेल्या करारांचे हप्ते हे तिचे एक मोठे कारण होते. जुलै २०१२ मध्ये सरकारने त्या संस्थेवर विशेष प्रशासक नेमला. त्याने सुचविलेल्या उपायांत, आश्चर्य असे की, लुइशमच्या सेवा कमी करण्याचाही उपाय होता! लोकांचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी कायद्याने अवघे तीस कामकाजाचे दिवस ठेवले होते.

२६ जानेवारी २०१३ रोजी, कडाक्याच्या थंडीच्या दिवसांत, हजारो लोक रस्त्यावर उतरले. त्यांत डॉक्टर होते, परिचारिका होत्या, बाबागाड्या ढकलणाऱ्या माताही होत्या. तथापि ३१ जानेवारीला आरोग्यमंत्री जेरेमी हंट यांनी योजनेस थोड्याफार फरकाने मान्यता दिली. अत्यवस्थ रोगी दुसरीकडे न्यावयाचे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालील प्रसूतिविभागाच्या जागी केवळ सुईणींचा विभाग ठेवावयाचा, असे ठरले.

तेव्हा लुइशमची परिषद आणि नागरिकांची संघटना या दोघांनीही न्यायालयाचे दार ठोठावले. रुग्णालय चांगले की वाईट, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. कायद्याने मंत्र्याला जो अधिकार दिला, तो कोठवर पोहोचतो, एवढाच मुद्दा होता. प्रशासक नेमला होता तो शेजारच्या संस्थेवर. मग त्याच्या शिफारशीवरून लुइशमला हात कसा लावता येईल? ३१ जुलै २०१३ रोजी उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, मंत्र्यांनी आपल्या अधिकाराची मर्यादा ओलांडली आहे. सरकारने अपील केले. तेही २९ ऑक्टोबर रोजी फेटाळले गेले. शेजारची तोट्यातील संस्था त्याआधीच विसर्जित झाली होती आणि तिच्यापैकी वुलिचचे रुग्णालय लुइशमशी जोडून एक नवी संस्था उभी राहिली होती.

सरकार मात्र स्वस्थ बसले नाही. २०१४ साली कायदा बदलून अशा प्रशासकांना शेजारच्या रुग्णालयांबाबतही शिफारशी करण्याची मोकळीक देण्यात आली. पुढे ३१ जानेवारी २०२४ पासून, प्रकरण मंत्र्यांकडे धाडण्याचा परिषदांचा जुना अधिकारही गेला. त्याऐवजी कोणाही नागरिकास मंत्र्यांना पत्र लिहून लक्ष घालण्याची विनंती करता येते. ती मान्य करावयाची की नाही, हे मंत्री ठरवितात. समितीचा सल्ला घेण्याचे आणि तिच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचे बंधन मात्र टिकून आहे. लुइशमच्या रुग्णालयातील अपघातविभाग आणि प्रसूतिविभाग त्या वादानंतरही चालू राहिले.