फवारणीचा गोंगाट आणि कानांचे रक्षण

नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी या तालुक्यांत ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांतून ट्रॅक्टरवरील ब्लोअरचा आवाज वारंवार घुमू लागतो. औषधांच्या विषारीपणाची चर्चा होते. कानांचा विचार मात्र क्वचितच. आठ तासांच्या कामासाठी ८५ डेसिबल ही शिफारस केलेली मर्यादा असून, केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर ती सहज ओलांडली जाऊ शकते. अंतर्कर्णातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत.

कापसाचा बोळा येथे फारसा उपयोगी नाही. फोमचे बोळे स्वस्त व हलके खरे. परंतु ते बोटांनी वळून कानात बसवावे लागतात, आणि औषध लागलेल्या हातांनी तसे करणे धोक्याचे. म्हणून औषध कालवण्यापूर्वीच ते स्वच्छ हातांनी घालावेत. कानांवर वाटीसारखी बसणारी रक्षके काढण्या-घालण्यास सोपी. उन्हात मात्र त्यांखाली घाम साचतो आणि चष्म्याच्या काडीमुळे फट राहून आवाज आत शिरतो.

सोय पाहणे ही चैन नव्हे. ३० डेसिबल आवाज रोखणारे साधनही निम्मा वेळ काढून ठेवल्यास दिवसाकाठी जेमतेम ३ डेसिबलचे संरक्षण देते. तेव्हा खोक्यावरील मोठ्या आकड्यापेक्षा कामगाराला दिवसभर सोसेल तेच साधन घ्यावे. हातभर अंतरावरील माणसाशी आवाज चढवून बोलावे लागत असेल, तर ते वापरण्याची वेळ आली असे समजावे.